अनिरुद्ध रोज दुपारी कामावर येतो

प्रांजल घाडीगावकर नेटवर्किंग शिकली ती पलंगाखाली. विक्रोळीच्या एका खोलीच्या घरात दुसरी जागाच नव्हती. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून आणलेले दोन कॉम्प्युटर तिथे घरघरत असायचे. बी.कॉम. झालेली ही मुलगी व्हिडिओ बघून ते एकमेकांना जोडायची, मुद्दाम बिघडवायची आणि पुन्हा उठवायची. त्यांच्या उबेला आई दह्याचं विरजण लावायला लागली, तेव्हा घरानं या शिक्षणाला मान्यता दिली असं धरायचं.

अंधेरीला औषधांच्या एका घाऊक कंपनीत तिला सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली, पण तूर्त कच्ची. सर्व्हरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. आत देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारठा, आणि कुणीतरी ओठ मिटून गुणगुणतंय असा एकसुरी आवाज.

"आधी अनिरुद्धसाहेब होते," शिपाई अंबादास म्हणाला. "गेले."

"कुठल्या कंपनीत?"

अंबादासनं बोट वर केलं. वरच्या मजल्यावर जिम होतं, पण त्याला ते म्हणायचं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात प्रांजलला दिसलं, की रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर अनिरुद्धच्या नावानं लॉगिन होतंय. बाहेरून नाही, त्याच खोलीतून. आणि खोलीची किल्ली तर तिच्या पर्समध्ये.

"वेळेचे पक्के होते हो साहेब," अंबादास कौतुकानं म्हणाला.

तिनं पर्समधली किल्ली चाचपून पाहिली. पण व्हिडिओत शिकवलं होतं: माणूस गेला की त्याचं खातं बंद करायचं. तिनं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळंच बंद! बिलं निघेनात, हॉस्पिटलांच्या ऑर्डरी अडकल्या. मालकांचा मुलगा शौनक धावत आला.

"कोणी केलं हे?"

"मी."

"संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही ना, तर उद्या येऊ नकोस."

तिनं शोधलं तेव्हा गंमत कळली. अनिरुद्धही तिच्यासारखाच आपला आपण शिकलेला. शिकता शिकता त्यानं आपोआप चालणारं प्रत्येक काम स्वतःच्याच खात्याला बांधून ठेवलं होतं. दुपारचं ते लॉगिन म्हणजे एक ठरवून लावलेलं काम. भूत वगैरे काही नाही. तिनं खातं पुन्हा उघडलं, एकेक काम जागं झालं. फक्त बिलांचा प्रोग्राम हलेना. येत होतं ते सगळं करून झालं, डिस्कची तपासणीही लावून ठेवली. शेवटी रडकुंडीला येऊन तिनं बाबांना फोन लावला आणि अनिरुद्धचं सगळं सांगितलं. बाबांना, म्हणजे गुणाजींना, कॉम्प्युटरमधलं एवढंच ठाऊक, की त्यावर दही छान लागतं.

"तेचो जीव अडाकलो असतलो गो," ते म्हणाले. "पिंडाक कावळो शिवाक नाय, तर आपण काय करतो?"

"बाबा, हा सर्व्हर आहे!"

"कबूल करतो. तेका काय व्हया ता करतो म्हणान सांगतो. सांग तूय."

फोन ठेवल्यावर तिनं दार लावून घेतलं. लाज वाटत होती, पण नोकरी त्याहून प्यारी. तिनं हात जोडले. "अनिरुद्धदादा, तुमचं सगळं मी सांभाळीन. काही बंद पडू देणार नाही. आता सोडा."

गुणगुण थांबली. अगदी थांबली. मग एक हिरवा दिवा लागला, त्याच्या शेजारचा लागला, आणि बाहेर प्रिंटर खडखडायला लागला.

डिस्कची तपासणी नेमकी तेव्हाच संपली असणार, असं प्रांजल आजही सांगते. सांगताना मात्र खोलीच्या दाराकडे पाठ करत नाही.

शौनकनं तिला त्याच संध्याकाळी पक्की केली. "काय केलंस गं नक्की?" त्यानं विचारलं.

"रीस्टार्ट," ती म्हणाली.

अंबादासनं चहा आणून ठेवला आणि आवाज खाली आणला. "बरं केलंत मॅडम, बोललात ते. अनिरुद्धसाहेबपण लागले तेव्हा असंच दार लावून बोलले होते. त्यांच्याआधीच्या वागळेसाहेबांशी."

प्रांजलचा कप ओठांपाशीच राहिला. "आणि वागळेसाहेब?"

"ते कोणाशी बोलले ते नाही ठाऊक," अंबादास म्हणाला. "मी त्यांच्यानंतर लागलो."