गोगलगायीची विनवणी

माझी ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. दिवसभर लोकांचे नंबर सांभाळते आणि घरी आली की टीव्हीवाल्यांच्या अकलेवर घसरते. "बघ, पुन्हा तेच!" हे तिचं पालुपद. तिच्यासोबत मालिका बघणं म्हणजे परीक्षकाला शेजारी बसवून पेपर लिहिणं.

हॉस्पिटलची एक मालिका मात्र तिच्या जिवाभावाची होती. त्यातली मोठी सिस्टर अपघातात मेली तेव्हा ताई दोन दिवस धड जेवली नाही. तीन महिन्यांनी चॅनलवाल्यांनी सिस्टरला जिवंत करून परत आणलं, नटीही नवीन. ताईचं डोकंच फिरलं. "मग आम्ही रडलो ते काय फुकट?" म्हणाली, आणि सिस्टरची गोष्ट स्वतःच लिहायला बसली. तिच्या गोष्टीत सिस्टरला मोठा आजार होतो, तरी ती ड्युटी सोडत नाही. जेवणाच्या सुट्टीत, काचा घासायच्या मशीनशेजारी बसून ताई मोबाइलवर एकेक भाग लिहायची आणि मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायची.

वाचणारे पन्नासेक. त्यात एक 'गोगलगाय'. नावाप्रमाणेच सगळ्यांच्या शेवटी यायची, पण नेमकं बोट ठेवायची. "सिस्टर इतक्या लवकर माफ करणार नाही." ताई चरफडायची, मग गुपचूप तेवढं बदलायची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

एका भागाखाली गोगलगायीने लिहिलं, "सिस्टरला मारू नका. निदान इतक्यात तरी नको."

आता त्या ग्रुपची रीतच होती. पात्र आजारी पडलं की वाचकांनी गयावया करायची, आणि जितकी गयावया जास्त तितकी लिहिणाऱ्याची कॉलर ताठ. ताईनेही ती विनवणी शाबासकी म्हणूनच घेतली. वर चांगलं पानभर उत्तर लिहिलं: मालिकांनी आपल्याला लाडावून ठेवलंय, खोटा दिलासा ही फसवणूकच, मरण यायचं तर ते खरं यावं. टाकायच्या आधी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "झकास! टाक." त्या शब्दाची मला आज लाज वाटते.

त्याच आठवड्यात ताईने सिस्टरला मारलं. भाग सुंदर होता, खोटं कशाला बोलू. सगळा ग्रुप रडला. गोगलगाय तेवढी आली नाही.

महिन्याभराने तिच्या नावावरून निरोप आला. "मी त्यांची मुलगी. आईला सिस्टरचाच आजार होता. शेवटी तिला मोबाइलही धरवेना, म्हणून तुमचे भाग मी वाचून दाखवायचे. तुमचं उत्तर वाचलं, त्या दिवशी ती कोणाशी बोलली नाही. शेवटचा भाग मी तिला वाचून दाखवला नाही. सिस्टर बरी होतेय, असं रोज मनानेच थोडं थोडं सांगत गेले. 'ऐकलं गं त्यांनी माझं,' असं आई जाईपर्यंत म्हणत होती. तुमची गोष्ट बदलली, माफ करा."

ताईने किती तरी वेळा काहीतरी लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच विचारलं, "तुम्ही सांगितलेली गोष्ट मला पाठवाल?"

"लिहून नाही ठेवली," उत्तर आलं. "सिस्टर पुन्हा ड्युटीवर जायला निघाली होती, तिथपर्यंत आले होते."

ताईने मोबाइल उलटा ठेवला.

"महिनाभर थांबले असते तर माझं काय जात होतं गं?" तिने मला विचारलं.

मी तिला नुसतं जवळ घेतलं.