खाचेतली जागा

ठाण्यात माजिवड्याला आमची कंपनी होती. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे नवं मशीन बसवायला एक अमेरिकन इंजिनियर आलेला. पहिली पाळी सुटली की तो शेडमागच्या मोकळ्या जागेत लांबोडका चेंडू घेऊन उभा राहायचा आणि त्यांच्याकडचा, हाताने फेकून खेळायचा फुटबॉल शिकवायचा. पोरं हौसेने थांबायची. मी चाळिशीला टेकलेला, अंग आंबून गेलेलं, घर पार डोंबिवलीला. पण सुपरवायझर म्हणाले, "थांब रे, साहेबाला माणसं कमी पडतायत." थांबलो.

मी बुटका, पण कबड्डी खेळलेला, त्यामुळे चपळ. साहेबाने मला स्लॉटमध्ये उभं केलं. त्या जागेला आम्ही खाच म्हणायला लागलो. एकीकडे आमच्याच पोरांची एकमेकांना खेटून उभी असलेली रांग, दुसरीकडे लांब कडेला पॅकिंगमधला उंच कोळी, आणि दोघांच्या मधल्या जागेत, पाऊलभर मागे, मी. साहेब चेंडू फेकायचा. मी थोडं पुढे पळून झटकन आत वळायचं आणि गर्दीतच झेल घ्यायचा. झेल आला की अंगावर दोघं-तिघं पडलेच समजा. कोळी मात्र मोकळ्या रानात पळायचा. शिट्ट्या त्याला.

साहेब परत जायच्या आदल्या दिवशी सामना ठेवला. बरोबरी होती. शेवटच्या खेळीआधी साहेब माझ्याशी काहीतरी बोलला. सुपरवायझरांनी मराठीत सांगितलं, "चेंडू तुला येणार नाही. पण येणार असल्यासारखा पळ."

"मग पळू कशाला?"

"त्यांच्यातले दोघं तुझ्यामागे येतील. कोळी सुटेल."

पळालो. दोघंही आले. फाउंड्रीतल्या एका दांडग्याने मला खांदा मारून आडवा पाडला. तोंडात माती गेली, आणि तेवढ्यात आरडाओरड ऐकू आली. कोळी चेंडू घेऊन शेवटची रेघ पार करून गेलेला. पोरांनी त्याला उचलून घेतलं.

साहेब माझ्याकडे आला, हात पुढे केला, काहीतरी म्हणाला.

"म्हणतायत, तुझ्यामुळे झालं," सुपरवायझर म्हणाले.

"त्यांना सांगा, जरा बसू द्या."

मशीन चांगलं चाललं. त्याला माणसं कमी लागायची. काही वर्षांनी कंपनीने बऱ्याच जणांना घरी पाठवलं, त्यात आम्ही दोघंही होतो. कोळी खाडीवर भावाच्या होडीवर गेला, मी डोंबिवलीत एका दुकानात लागलो. ठाण्याच्या बाजारात कधी भेटला की तो ती धाव रंगवून सांगतो. मी कुठे होतो ते त्याला आठवत नाही. मीही सांगत बसत नाही. कंटाळा येतो.