दहाने भागणाऱ्या वन्सं

रोजची वही मी देवाचं नाव लिहून सुरू करते. आज आधी राग लिहिते, देव समजून घेईल.

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, टेलिफोन ऑफिसात मोडेमच्या खोलीत होत्या. ज्यांच्याकडे अजून फोनच्या तारेवरून इंटरनेट येत होतं, त्यांच्या सगळ्या लाईनी त्या खोलीत येऊन मिळायच्या. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर पेट्या, पेट्यांवर लुकलुकणारे दिवे, आणि कोपऱ्यात वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देणारा पंखा. गिऱ्हाईकाने लाईन जोडली की मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा. वन्सं त्या आवाजाची हुबेहूब शिट्टी वाजवायच्या. ऑफिसात त्यांचं नावच 'शिट्टी' पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि डबा उघडताना त्या मुद्दाम शिट्टी वाजवून सगळ्यांना हसवायच्या. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहतात. आईवडील लवकर गेले, ह्यांना त्यांनीच शिकवलं आणि त्याच ऑफिसात चिकटवलं. आता हे तिथले साहेब, आणि वन्सं ह्यांच्या हाताखाली.

यंदा ऑप्टिकल लाईन आली. केसासारख्या काचेच्या तारेतून उजेड धावतो आणि त्याच्याबरोबर माहिती. तिच्यासाठी नवी खोली, गार हवा, पांढरी फरशी. मोडेमची खोली बंद होणार होती. जुन्या माणसांनी एक पेपर द्यायचा. पास होईल तो नव्या खोलीत, नापास होईल तो गावाबाहेरच्या गोदामात, मोडके फोन राखत. गोदामाचं नाव काढलं की वन्सं "जन्मभर लाईनी ऐकल्या, आता तिथे काय उंदीर ऐकू?" म्हणायच्या.

पेपर झाला. एका रविवारी दुपारी जेवताना हे हसत हसत म्हणाले, "ताई नापास. आणि प्रश्न किती सोपा! मोडेमवर सेकंदाला किती अक्षरं जातात आणि ऑप्टिकलच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे तिच्या सगळ्यात कमी वेगाला, किती. हिने दोन्हीकडे दहाने भागलं."

"मग त्यात काय चुकलं?" मी विचारलं.

"अगं, लाईनचा वेग बिटांत मोजतात. एक अक्षर म्हणजे आठ बिट. पण मोडेम प्रत्येक अक्षराच्या आधी एक बिट लावतो, 'सुरू झालं' म्हणून, आणि नंतर एक, 'संपलं' म्हणून. झाले दहा. म्हणून छप्पन्न हजारांच्या मोडेमवर छप्पन्नशे अक्षरं. तिथवर बरोबर. ऑप्टिकलला ते पुढचं-मागचं शेपूट नाही, तिथे पाच कोटी अठरा लाख चाळीस हजार बिटांना आठाने भागायचं. चौसष्ट लाख ऐंशी हजार यायला हवं होतं, ताईने लिहिलं एकावन्न लाख चौऱ्याऐंशी हजार. मोडेमवाले सगळे असेच. दहा हाडात मुरलेत."

वन्सं समोरच बसल्या होत्या. तोंडाशी नेलेला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

"आणि तुम्हाला हे आठ कुणी सांगितलं?" मी म्हटलं.

"ऑप्टिकलचा वर्ग झाला ना, पेपरच्या आधी रोज सकाळी."

"त्या वर्गाला वन्सं होत्या?"

हे ताटाकडे बघायला लागले. "मोडेमची खोली कुणीतरी सांभाळायला हवी होती. बाकीचे सगळे वर्गाला. ताईइतकं भरवशाचं माणूस दुसरं…"

माझं डोकंच फिरलं. हातातली पळी मी पातेल्यात टाकली ती अशी, की रस्सा भिंतीवर उडाला. "म्हणजे भरवशाची म्हणून वर्गाला पाठवायचं नाही, आणि वर्गातलं येत नाही म्हणून गोदामात पाठवायचं. वर जेवताना हसायचं."

"नियम सगळ्यांना सारखा. घरच्या माणसाला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

"बोलवा लोकांना इथे. मी सांगते त्यांना, काय म्हणायचं ते."

"तू थांब जरा," वन्सं मला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. भावाकडे वळून म्हणाल्या, "चुकलं ते चुकलं. एक गुण वाढवलास तर पेपर फाडून टाकीन. पण साहेबा, तुझ्या पहिल्या परीक्षेला हे दहाने भागणं तुला कुणी शिकवलं?"

"तूच की."

"पेपरच्या आधी की नंतर?"

ह्यांनी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

"उद्यापासून तो वर्ग परत लाव," वन्सं म्हणाल्या. "मी बसते. मग पुन्हा पेपर घे, आणि तू तपासू नकोस, दुसऱ्या ऑफिसला पाठव. तोवर मोडेमची खोली तू सांभाळ."

"मी? अगं, मी साहेब आहे तिथला."

"म्हणून तर. भरवशाचं माणूस लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे बसले. रोज म्हणते, मन शांत कर. त्या दिवशी म्हटलं, हा राग थोडे दिवस राहू दे, कामाचा आहे. ह्यांच्या हातात डबा दिला आणि एवढंच म्हटलं, "मोडेमच्या खोलीतच उघडा." हे डबा घेऊन गेले. संध्याकाळी कानांत बोटं घालत आले. कान गुणगुणतायत म्हणाले. मी विचारपूस केली नाही.

वर्ग झाला, पेपर झाला, दुसऱ्या ऑफिसने तपासला. वन्सं पास झाल्या. आता पांढऱ्या फरशीवर बसतात आणि थंडी वाजते म्हणून माझी शाल घेऊन जातात. गोदाम टळलं, देवाची कृपा.

पण आज ह्यांचे मित्र घरी आले, आणि हे पाय पसरून त्यांना सांगायला लागले, "ताईची अडचण मीच ओळखली. तिच्यासाठी वर्ग मी परत लावला." मी स्वयंपाकघरात कप विसळत होते, तो कप फुटता फुटता राहिला. बाहेर जाऊन चार शब्द सुनवावेत म्हणून हात पुसले, तेवढ्यात आतल्या खोलीतून वन्संची शिट्टी आली. आधी किंचाळी, मग लांबलचक खरखर.

मित्र म्हणाला, "हे काय वाजलं?"

"काही नाही," हे म्हणाले, "लाईन लागली," आणि पाय आवरून सरळ बसले.