सहाव्या कोस्टरचं फूल

यांनी माझी सगळी पुस्तकं खराब केली.

आज यांना जाऊन एक वर्ष झालं, तरी माझी तक्रार तीच आहे.

खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि मोबाईलवर बघून घरी रेझिनचे कोस्टर करायला लागले. कपाखाली ठेवायच्या चकत्या. काचेसारख्या, आत फूल.

साच्यात पातळ रेझिन ओतलं की ते घट्ट होईपर्यंत घरभर ऑर्डर सुटायची, "चौबीस घंटे कोई हाथ नहीं लगाएगा!"

फूल आधी पूर्ण वाळलेलं लागतं. ओलं राहिलं तर आत काळं पडतं.

आणि वाळवायला यांना माझीच पुस्तकं दिसायची.

माझी शाळा आठवीत सुटली. वाचायची सवय मी माझी लावून घेतली. एकेक पुस्तक जपलेलं. उघडावं तर पानावर झेंडूचा पिवळा डाग.

"अहो, काहून असं करून राहिले? रद्दी आहे न घरात!"

"रद्दीला वजन नाही. तुझी पुस्तकं जाडी आहेत."

"मग मी काय वाचू?"

"तू बारीक पुस्तकं वाच न."

वरून हसायचे.

सहाचा सेट करायचा होता. प्रत्येकाच्या आवडीचं फूल. मुलगा, सून, दोन नाती आणि स्वतःचा, असे पाच झाले.

"तुझं कोणतं फूल?"

नेमकी त्याच दिवशी माझ्या नव्या पुस्तकात जास्वंद सापडली होती.

"मला नको तुमचा कोस्टर. माझं पुस्तक तेवढं सोडा."

जास्वंद उचलून अंगणात गेले.

आठवड्याभरात हार्ट अटॅक आला. दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत.

वर्षभर मी त्या नव्या पुस्तकाला हात लावला नाही.

आज सकाळी काढलं.

मधे वर्तमानपत्राची घडी. घडीत निळं गोकर्णाचं फूल. अंगणातल्या वेलीचं, जिच्याजवळ मी रोज वाचत बसते.

घडीवर पेन्सिलनं लिहिलेलं, "हिचा."

कागदामुळे त्या पानावर एक डाग नाही.

रेझिनचा डबा अजून आहे. मुलगा म्हणाला, "आई, मैं बना देता हूँ न." मी नको म्हटलं.

कागद काढला. फूल तसंच पानावर ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

आता ते वाळलं आहे. डाग पडणार नाही.

पडला असता तर बरं झालं असतं.

अहो, नको म्हटलं होतं ते रागात.

नमस्कार करते तुम्हाला.