सतराव्या फोल्डरातली अकरा ड्रॉइंग्ज

कारखान्यातल्या माणसांचे फोल्डर त्यांच्या कॉम्प्युटरवरून उचलून क्लाउडवर न्यायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं, आठवड्याचं काम. गोकुळ रोडवरचा आमचा पंपांचा कारखाना, चाळीसेक कॉम्प्युटर आणि ते सांभाळणारा मी एकटा. मॅनेजरसाहेबांना मी ऐटीत सांगितलं, "सोमवारी सुरू, शनिवारी खलास." ज्याने लोकांचे डेस्कटॉप कधी बघितलेच नाहीत त्याने असं बोलावं. मी तर ते रोज बघत होतो, त्यामुळे मला काही सबब नाही.

दुसऱ्याच्या घरात शिरून कपाट उघडावं तसं हे काम. खरेदी विभागातल्या एकाच्या 'अत्यंत महत्त्वाचे' या फोल्डरात त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाचे सहाशे फोटो निघाले. हिशेब खात्यातल्या अक्का तर खुर्चीच सोडेनात.

"नेऊन ठेवणार कुठं हे?"

"सर्व्हरवर, अक्का."

"तो कुठल्या गावाला?"

"नक्की नाही सांगता येत."

"पत्ता ठाऊक नसलेल्या घरात पोरगी द्यायची म्हणतोस काय?"

शेवटी, जुनी प्रत महिनाभर हलवणार नाही, असं कबूल केलं तेव्हा त्या उठल्या. मनात म्हटलं, कटकट आहे नुसती.

ड्रॉइंग विभागातल्या अण्णांनी मात्र काहीच विचारलं नाही. छत्तीस वर्षं नोकरी झालेली, मळमड्डीतून रोज बसने यायचे, आणि महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते. "तुला कळतं त्यातलं, ने की," म्हणाले आणि चहाला गेले. त्यांना नवा लॅपटॉप आला होता, आणि जुना कॉम्प्युटर, त्यातलं सगळं पुसून, गेटवरच्या वॉचमनला द्यायचा होता, म्हणून तो मी पहिल्यांदा उरकायला घेतला.

त्यांच्या कॉम्प्युटरवर फोल्डर एकच. नाव: श्री, मग साल, मग 'मागील वर्षांसह'. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, लेथला झेंडू, ड्रिलला हळदकुंकू, दारात कोहळा फुटतो. त्या दिवशी अण्णा कॉम्प्युटरला कुंकू लावायचे, नव्या वर्षाचा फोल्डर उघडायचे आणि जुना उचलून त्याच्या पोटात ठेवायचे. नव्याने जुन्याला घरात घ्यायचं, बाहेर ठेवायचं नाही, असा त्यांचा नेम. जुन्याच्या पोटात त्याच्याआधीचा, त्याच्या पोटात आणखी आधीचा. मी मोजले, सतरा निघाले. मला हसू आवरेना. चहाच्या गाड्यावर चारचौघांना सांगूनही आलो.

ते सगळं वर चढवायला लावलं. पाच हजार फायली गेल्या. खाली कोपऱ्यात एक ओळ दिसत होती: अकरा फायली गेल्या नाहीत. पाच हजारांत अकरा म्हणजे दर्यामे खसखस. असेल काहीतरी कचरा, असं म्हणून मी खिडकी बंद केली आणि संध्याकाळच्या आत तो कॉम्प्युटर पुसून गेटवर पोचवला. बॅकअपची जुनी डिस्क मी आधीच निकालात काढली होती. आता सगळं क्लाउडवर असणार, डिस्क कशाला हवी?

पुढच्या सोमवारी सकाळी साहेबांसाठी अहवाल लिहायला बसलो आणि त्या अकरा फायलींची नावं पहिल्यांदा वाचली. फाइलचा पत्ता, म्हणजे फोल्डरांची नावं एकापुढे एक लावून होणारी ओळ, चारशे अक्षरांपुढे गेली की आमचा क्लाउड ती फाइल घेत नाही. सतराव्या फोल्डरापर्यंत पोचताना ती ओळ चारशेच्या पुढे गेली होती. तळाशी होती ती आमच्या सगळ्यांत जुन्या पंपाची ड्रॉइंग्ज. तो पंप आता आम्ही करत नाही, पण अळणावरकडच्या गावांत अजून चालतो, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी त्याचा सुटा भाग मागायला येतो. ड्रॉइंग नाही तर भाग होणार नाही. कागदावरची मूळ ड्रॉइंग्ज वाळवीने खाल्ली होती, म्हणून तर अण्णांनी ती आधीच स्कॅन करून ठेवली होती.

गेटवर धावलो. कॉम्प्युटरवर वॉचमन क्रिकेट बघत होता. तासभर खटपट केली, काही हाती लागलं नाही.

खोटं कशाला सांगू, गप्प बसावं असंच आधी वाटलं. अण्णा आठ दिवसांत जाणार, तो तळ ते पुन्हा कशाला उघडतील? पुढे कुणी भाग मागितला तर सापडत नाही म्हणायचं, कारखान्यात सापडत नाही हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण चहाच्या गाड्यावर मीच त्यांना हसलो होतो, ते डोक्यातून जाईना. दुपारी त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. आता ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"अकराच काय?"

"हो."

"बाकीचं सगळं आहे?"

"आहे, अण्णा."

"मग चल."

ते मला मागच्या भंगाराच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे त्याच जुन्या पंपाचा एक नग गंजत पडला होता. दोघा फिटरांना बोलावून त्यांनी तो खोलायला लावला आणि एकेक भाग मोजायला घेतला. ते माप सांगायचे, मी लिहायचो. मला वाटलं, मोजायचं तर कुणीही मोजेल. तेवढ्यात शाफ्ट मोजताना ते थांबले आणि मापाचा व्हर्नियर माझ्यापुढे धरला.

"व्हर्नियर काय म्हणतोय?"

"एकतीस पॉइंट सहा."

"बत्तीस लिही. झिजलाय तो. मूळ बत्तीसचा होता."

मी बत्तीस लिहिलं. कुठला भाग किती झिजला हे फक्त या एका माणसाच्या डोक्यात होतं. मी गप्प बसलो असतो तर आठ दिवसांनी ते बसने घरी गेले असते, आणि कुणाला कळलंही नसतं.

खोललेला पंप त्यांच्या टेबलाजवळ मांडून रोज दीड ड्रॉइंग या हिशेबाने आम्ही बसलो. त्यांना नव्या लॅपटॉपवर हात बसेना म्हणून पेन्सिलीने कागदावर काढायचे. मी शेजारी बसून स्कॅन करायचो आणि चढवायचो. शेवटच्या दिवशी निरोपाचा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि अकरावं ड्रॉइंग अजून अर्धं होतं. अण्णा शाल खांद्यावर घेऊन तसेच टेबलापाशी येऊन बसले.

तासाभरात झालं. उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'काढणार' समोर त्यांनी सही केली, आणि कागद माझ्याकडे सरकवला. खाली दुसरी ओळ होती, 'तपासणार'.

"अण्णा, मी कॉम्प्युटरवाला. मला यातलं काय कळतंय?"

"आठ दिवस शेजारी बसलास की. पंप समोर आहे, कागद समोर आहे. एकेक माप बघ. मग सही कर."

"तुमची बस चुकेल."

"चुकू दे की."

मी एकेक माप पंपाशी ताडून बघायला लागलो. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. पाऊण तास गेला असेल. "अण्णा," मी दबकत म्हणालो, "या चार भोकांचं एकमेकांपासूनचं अंतर लिहायचं राहिलंय."

त्यांनी वाकून पाहिलं, पेन्सिल घेऊन ते अंतर लिहिलं, 'तपासणार'च्या ओळीवर बोट ठेवलं आणि नारळाची पिशवी उचलली.

"आता मी जातो," ते म्हणाले.