एक कुठे गेला?

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, जगातला सगळ्यात भित्रा माणूस. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. कारखान्यात त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत, कारण दिवसभर त्यांच्या तोंडी तोच शब्द. ताई म्हणायची, "लग्नाला होकारसुद्धा यांनी सहा महिन्यांनी दिला."

डबे आणि झाकणं बनवणाऱ्या एका अवाढव्य कंपनीत आम्ही दोघं. मी पत्र्यातून झाकणं कापणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर, ते सुरक्षा खात्यात. रोज सकाळी यंत्रं तपासायची आणि फाटकाजवळच्या फळ्यावरचा आकडा बदलायचा, हे त्यांचं काम. फळ्यावर लिहिलं होतं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली खिळ्यांना अडकवलेले पत्र्याचे आकडे. अपघात झाला की फळा शून्यावर आणायचा आणि सगळी तपासणी होईपर्यंत एकही प्रेस चालवायचा नाही, असा कंपनीचाच नियम. नियम चांगला होता, म्हणूनच कुणी पाळत नव्हतं.

वरच्या मजल्यावरची मंडळी उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. त्यांनी एका वर्षात झाकणांचं उद्दिष्ट दीडपट केलं. आता प्रेसच्या तोंडाला एक जाळी असते. ती लावल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. दर झाकणाला जाळी उघडा, जाळी लावा, एवढी झाकणं निघणार कशी? आमच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "कशी ते तुम्ही बघा." आम्ही बघितलं. जाळीचा खटका तारेने दाबून बांधला, म्हणजे जाळी उघडी असली तरी प्रेस चालू. माझ्या प्रेसची तार मीच बांधली. शहाणा ना मी!

मग तीन नंबरवाल्याची दोन बोटं गेली. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'घरी जिन्यावरून पडला.' त्याला रजा दिली आणि आम्हाला तंबी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ९७९. आकडा लावताना भाऊजींच्या हातून नऊ दोनदा खाली पडला. आम्ही सगळे मूग गिळून बघत राहिलो.

त्यानंतर माझा प्रेस खोड्या काढू लागला. बटण न दाबताच मधेच खाली यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा माझा हात वीतभर लांब होता. दुसऱ्यांदा चारच बोटं लांब. जेवताना मी स्वतःच्या हाताकडे बघत बसायचो. भाऊजींनी वर अर्ज दिले. एक, दोन करत सात झाले. प्रत्येकावर एकच शेरा: नोंद घेतली.

हजारावा दिवस जवळ आला. मुख्य कचेरीतून मोठे साहेब येणार, फळ्यावरचा पडदा बाजूला करणार, फोटो काढणार आणि मग चार नंबरचा प्रेस पूर्ण वेगात चालताना पाहणार. "मधे थांबायचं नाही," मला बजावलं गेलं. आदल्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो.

"भाऊजी, मला भीती वाटते."

त्यांनी माझा उजवा हात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "तार काढून टाक."

"काढली तर झाकणं कमी पडतील. परवा घरी बसवतील."

"हं," एवढंच ते म्हणाले. ताईने वाढलेलं त्यांचं ताट तसंच राहिलं.

सकाळी फाटकाशी सगळे जमलो. मोठ्या साहेबांनी टाळ्यांच्या गजरात पडदा ओढला. फळ्यावर तीन शून्यं होती. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या.

"एक कुठे गेला?" आमचे साहेब ओरडले.

भाऊजी पुढे आले. चेहरा पांढराफटक, एक हात खिशात. "माझ्याकडे आहे, साहेब. तीन नंबरवर अपघात झालाय, बावीस दिवस झाले. नियमाप्रमाणे आज प्रेस बंद." आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल.

फोटोवाला समोर उभा होता, म्हणून मोठे साहेब हसले आणि "तपासा," म्हणाले. मिस्त्रीने माझ्या प्रेसमध्ये, जिथे माझा हात असतो तिथे, एक जाड दांडकं ठेवलं. बटणाला कुणी हात लावला नाही. तरी प्रेस धाडकन खाली आला आणि दांडक्याचे दोन तुकडे माझ्या पायाशी पडले.

संध्याकाळी भाऊजींच्या हातात निलंबनाचा कागद पडला. रात्री दाराला कुलूप लावलं, तेव्हा म्हणे त्यांनी ते एकदासुद्धा ओढून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी गेलो तर फळ्यावर १००१. एवढ्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, तरी १००१! माझ्या प्रेसमध्ये रातोरात नवी स्प्रिंग बसवली होती. मी वाकून खटका पाहिला. त्यावर तार होती, नवी कोरी, चांगले चार वेढे दिलेली.

"काल बुडालेली झाकणं आज भरून काढायचीत," साहेब मागून म्हणाले. "चल, सुरू कर."

माझी पाचावर धारण बसली. बटणापर्यंत हात नेला आणि ते दांडकं डोळ्यांसमोर आलं. मी वळलो. साहेब हाका मारत होते, मी फाटकापर्यंत चालत गेलो. फळ्यावरचे दोन्ही एक काढले आणि खिशात टाकले. हात लटलट कापत होते, पण बोटं दहाच्या दहा होती.