गच्चीवरची येळवस

जगदेवीच्या घरी रिकाम्या हातानं कुणी गेलं तर चालतं, पण तिथनं रिकाम्या हातानं बाहेर पडलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. गॅसची टाकी द्यायला आलेला गडी जाताना दोन वांगी घेऊन जातो. लाइटचं मीटर बघायला आलेला कोथिंबिरीची जुडी. एकदा चुकीच्या पत्त्यावर आलेल्या कुरिअरवाल्याला तिनं दुधी दिला, आणि तो बिचारा तो दुधी घेऊन बरोबर पत्त्यावर गेला, तर तिथल्या बाईनं दुधीसुद्धा सही करून घेतला. ही गोष्ट तिचे यजमान महेश्वरराव सांगतात, तेव्हा थोडं मीठमसाला वजा करून ऐकावं.

महेश्वरराव एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. अक्कलकोट रोडच्या एका कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे आणि वर गच्ची. ती गच्ची म्हणजे जगदेवीचं शेत. गच्ची म्हटलेलं तिला खपत नाही. "कपडे वाळत घालायला गच्चीवर जातो" असं महेश्वरराव म्हणाले की ती लगेच म्हणते, "शेतात जातो म्हणा की."

या शेतात काय नाही ते विचारा. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत वांगी, फुटक्या कूलरच्या टपात पालक आणि मेथी, जुन्या सिंकमध्ये गाजरं. टाकीच्या सावलीला चाकवत. कठड्याला लागून तूर उभी, आणि थर्माकोलच्या खोक्यांत हरभरा. सोलापूरचं ऊन कसलं असतं ते सोलापूरकराला सांगायला नको, म्हणून वरून जुन्या सुती साड्या बांधलेल्या. नळाला पाणी रोज येत नाही, तर तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं वर. वांग्यावर मावा पडला की आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडायचं, पानांवर चुलीची राख भुरभुरायची. चूल घरात नाही, तर राख शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून. त्यालाही अर्थातच मिरच्या.

हे सगळं चाललं होतं ते एका दिवसासाठी. येळवशीसाठी.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या या भागात त्या दिवशी घरात जेवण नसतं. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, घालायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग शेतातल्या यच्चयावत पालेभाज्या, शेंगा, वांगी, गाजरं, जे हिरवं हाती लागेल ते एका मोठ्या पातेल्यात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली थंडगार आंबील. ज्याला शेत आहे तो ज्याला नाही त्याला बोलावतो. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारतो. त्या दिवशी कुणाला नाही म्हणायचं नसतं.

आणि जगदेवीचं दुखणं नेमकं हेच होतं. लग्न झाल्यापासून ती कायम बोलावलेली. महेश्वररावांना शेत नव्हतं, इतकं साधं. दरवर्षी ती अक्कलकोटच्या पुढं माहेरी जायची, भावाच्या शेतात. वहिनी निंगव्वा पोटभर वाढायची, पातेलं रिकामं होईस्तोवर आग्रह करायची आणि निघताना न चुकता म्हणायची, "येत जा वन्सं. तुमाला कुटं शेत हाय?" त्यात वाईट काही नसायचं. निंगव्वाच्या तोंडात खडीसाखर नव्हती, पण पोटात काळंही नव्हतं. तरी जगदेवीला ते वाक्य एसटीत बसल्यावरसुद्धा टोचत राहायचं, आणि घरी येऊन ती दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही.

यंदा दिवाळीत तिनं पहिली वांगी आणि टोमॅटोची चटणी स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून माहेरी पाठवली आणि वर फोन केला. "वैनी, येळवशीला यंदा माझ्या शेताला यायचं. एक पान बी इकत आणणार न्हाय."

 निंगव्वा म्हणाली, "कुटलं शेत?"

"ये की. दावते."

झालं. बोलून बसली. आता भज्जी गच्चीतलीच व्हायला हवी होती, नाहीतर निंगव्वा जन्मभर हसली असती आणि जगदेवी जन्मभर बोलावलेलीच राहिली असती.

बाई हवेतच होती. झाडांशी बोलायची, हरभऱ्याला लवकर आटप म्हणून दटावायची. पण आनंद झाला की माणूस आपल्या स्वभावावर जातो, आणि जगदेवीचा स्वभाव वानोळा वाटायचा. शेतातला पहिला माल एकट्यानं खायचा नसतो, चार घरी वानोळा द्यायचा, हे तिला आईनं शिकवलेलं. फक्त किती द्यायचा ते शिकवायचं राहून गेलेलं. पहिली मेथी निघाली, वानोळा. दुसरी निघाली, तीही पहिल्यासारखीच वाटली, वानोळा. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नरसम्माला वांगी, समोरच्या शमीमआपाला पालक, मागच्या बंगल्यात भाड्यानं राहणाऱ्या बँकेतल्या देवयानीला गाजरं. शिवाय प्रत्येकीला रोपं, बिया आणि बोधामृत. "मुळाशी पाणी घाला, पानावर नगं. दुपारचं तर नगंच नगं." गल्लीतल्या बायका ऐकून घ्यायच्या आणि वाटी आत ठेवून द्यायच्या.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी जगदेवी मोठी टोपली घेऊन थाटात वर गेली, आणि थोड्या वेळानं टोपलीसकट जिन्यात येऊन बसली. टोपलीत सात-आठ हरभऱ्याचे घाटे, मूठभर तुरीच्या शेंगा आणि वाकडं झालेलं एक गाजर.

महेश्वररावांनी टोपलीत डोकावून पाहिलं. "बाकीचं?"

"दिलं वाटतं."

"कुणाला?"

"समद्यास्नी," जगदेवी म्हणाली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते मात्र हसण्याचं नव्हतं. महेश्वररावांनी पायात चपला घातल्या. "मंडईत जाऊन येतो. घटकाभराचं काम. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," ती म्हणाली. "मंडईचं आणलं तर ते शेत कसलं?"

आता निंगव्वाला सरळ सांगायचं, असं तिनं ठरवलं. वैनी, माझं चुकलं, वरणभात खा आणि हस पोटभर. पण वरणभात तरी वाढायचा कशात? फडताळ उघडून पाहिलं तर वाट्या नाहीत. घरातली एकूण एक वाटी, डबा, सांडशीसुद्धा वानोळ्याबरोबर गल्लीत गेलेली. सांडशी का गेली ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

तेव्हा ती वाट्या आणायला निघाली. फक्त वाट्या. दिलेला वानोळा परत मागायचा म्हणजे जीभच उचलली नसती, मग भज्जी गेली खड्ड्यात.

नरसम्माच्या दारात ती म्हणाली, "माझी वाटी तेवढी द्या." नरसम्माच्या घरी पूर्वी हातमाग होते, आता त्या जागेत अंबाडीचा मळा. नरसम्मा आत गेली ती बाहेर येईचना. आली तेव्हा वाटीच्या जागी परात, आणि परातीत अंबाडी आणि कांद्याची पात. "रिकामी वाटी देऊ व्हय अक्का? तुमीच रोप दिलं ते. घ्या."

जगदेवी नको नको म्हणत होती. पण वानोळ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे गल्लीत सगळ्यांनाच माहीत, तिलाही. तिला फक्त आठवलं नव्हतं, कारण भांडी परत घ्यायची तिला कधी वेळच आली नव्हती.

शमीमआपाकडे दोन डबे निघाले. एकात मेथी, एकात वालाच्या शेंगा. "खाली डब्बा देती क्या मैं? और तू मांगने आई, क्या नाराज है क्या मेरेपो?" देवयानी तर नुकतीच बँकेतून आली होती. ती म्हणाली, "काकू, गाजरं नाही आली माझी, मी जास्त पाणी घातलं. पण ब्रोकोली आली. ती चालेल का?" ब्रोकोली म्हणजे काय ते जगदेवीला माहीत नव्हतं. हिरवी आहे म्हटल्यावर तिनं घेतली.

बातमीला गल्लीत पाय फुटतात. जगदेवी वाट्या गोळा करतीय म्हटल्यावर लोकांना वाटलं, चुकलंच आपलं, किती दिवस भांडी ठेवून घेतली. दिवेलागणीपर्यंत जिन्यात रांग लागली. पालक, शेपू, वांगी, वाटाणा, बोरं. इस्त्रीवाला मिरच्या घेऊन आला, त्याच्या टपरीमागं तिनंच लावून दिलेल्या. महेश्वरराव जिन्यात उभे राहून सवयीनं ओरडत होते, "पुढं सरका, पुढं जागा हाय." आणि जगदेवी प्रत्येकाला सांगत होती, "उद्या जेवायला या." येळवस म्हटल्यावर नाही कुणाला म्हणणार? महेश्वररावांनी बाजरीचं पीठ पुरेल का असं विचारून पाहिलं, पण ऐकायला ती जमिनीवर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कोपी उभी राहिली. शहरात कडबा कुठला, तर बांबूंवर सोलापुरी चादरी टाकल्या. लाल, हिरव्या, नक्षीच्या. पांडवांना एवढी गुबगुबीत कोपी कधी मिळाली नसेल. पाच दगड पलीकडच्या बांधकामावरून आले. भज्जीला तर पातेलं पुरेना, शेवटी अंघोळीच्या पाण्याचा हंडा घासूनपुसून घेतला. शेंगा आधी शिजवून घेतल्या, मग पालेभाज्या, मग चिंचेचा कोळ, ताकात कालवलेलं बेसन, शेंगदाण्याचं कूट, आणि वरून लसणाची अशी फोडणी की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसलं. महेश्वररावांनी आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं, आणि जिचा अर्थ आता कुणालाच धड सांगता येत नाही ती येळवशीची आरोळी देत शेताला फेरी मारली. शेत छोटं असल्यामुळं त्यांनी तीन मारल्या. तिसरीला ते टाकीला धडकले.

तेवढ्यात निंगव्वा आली. गुडघे धरत जिना चढली आणि वरच्या पायरीवर थबकली. चादरींची कोपी, बादल्या, कूलर, सिंक आणि त्यांच्यामधून दाटीवाटीनं बसलेली अख्खी गल्ली. सगळ्यांची बोटं भज्जीनं माखलेली.

 जगदेवीनं तिला स्वतः वाढलं. निंगव्वानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग पानातून ब्रोकोलीचा तुरा उचलून उजेडात धरला. "हे काय वो वन्सं?"

"शेतातलंच हाय."

"तुमच्या?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. पण जगदेवीला ते कधी जमलंच नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. वानोळा कसा वाटला, गच्ची कशी भुंडी झाली, वाट्या मागायला कशी गेली आणि त्या कशा भरून आल्या. "बी माजं, रोपं माजी. पण पिकलं हितं तितं. आता ह्याला माझं शेत म्हणायचं का न्हाय, तूच सांग."

 देवयानीनं उंडा हातातच धरला.

निंगव्वानं ब्रोकोली तोंडात टाकली आणि निवांत चावली. "आमच्या रानात आता नुस्ता ऊस हाय वन्सं," ती म्हणाली. "तीन वरीस झालं, येळवशीची भज्जी मी बाजारातनं भाजी आणून करते, आन् उसाच्या पल्याडची म्हणून वाढते. तुमाला सांगितलं न्हाई. लाज वाटली." मग पान पुढं केलं. "वाढा अजून. आन् त्यो हिरवा फुलकोबी बी घाला."

जगदेवी वाढता वाढता हसायला लागली, निंगव्वा हसायला लागली, आणि कशासाठी ते नीट न कळता सगळी गल्ली हसत सुटली. शमीमआपानं नरसम्माच्या पेल्यात आंबील ओतली. नरसम्मा आधीच आंबील पीत होती, तिला ठसका लागला. दोघी नणंद-भावजया एकमेकींच्या पाठीवर थापा मारत राहिल्या.

जेवणं उरकल्यावर निंगव्वानं पिशवीतून स्टीलचा मोठा डबा काढला. दिवाळीत गेलेला. "तुमचा डबा. रिकामा कसा देऊ? घरात भाजीचं पान न्हाई. मग हे आणलं."

जगदेवीनं झाकण काढलं. आत काळी माती होती. ओली, भुसभुशीत, काठोकाठ भरलेली.

"बांधाकडची हाय," निंगव्वा म्हणाली. "तुमची आई जितं भाजी लावायची, तितली. तेवढ्या तुकड्यात अजून ऊस घातला न्हाई आमी. मी सांगितलं ह्यास्नी, घालू नगा."

जगदेवीनं डब्यात मनगटापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.  आईच्या हाताखाली ती या मातीत मेथी टाकायला शिकली होती.

देवयानी पुढं वाकली. "काकू, किती सुंदर माती आहे. मूठभर द्या ना, माझ्या गाजरांना."

"न्हाय," जगदेवी म्हणाली आणि झाकण लावलं.

 महेश्वरराव मडकं खाली ठेवून बघत राहिले. कुणी काही मागितल्यावर हा शब्द त्यांनी लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता. देवयानीला वाईट वाटायच्या आत जगदेवीनं तिच्या ओटीत बोरं घातली, शमीमआपाला उरलेली भज्जी बांधून दिली, आणि निंगव्वाला वांग्याची दोन रोपं वाटीत घालून दिली. "बांधाला लाव. आन् वाटी परत आण."

माती मात्र कुणाला मिळाली नाही. डबा अजून त्यांच्या देवघरापाशी आहे, त्यात काय लावायचं ते जगदेवीचं अजून ठरत नाही. झाकणावर महेश्वररावांनी वरवंटा ठेवलाय. एकदा नाही म्हणाली असली, तरी तिचा काही भरवसा नाही.